घड्याळाची साक्ष

माणसाच्या अंगचा गुण घड्याळानें मोजतां येतो काय? हा प्रश्न पुण्यास नवा नाहीं. १९०६ सालीं स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनीं पहिल्या महायुद्धानंतर तेथील शर्यती पाहिल्या. धावणारे अनवाणी, नियमांची व पद्धतशीर शिक्षणाची त्यांस ओळख नव्हती, तरी त्यांच्या वेळा युरोपांतील धावपटूंच्या जवळ येत होत्या. या साक्षीनें त्यांस धीर आला, व १९२० सालीं हिंदुस्थानचा पहिला संघ अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेला.

तेथें बेळगांवकडील फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅराथॉनमध्यें एकोणिसावे आले. सदाशिव दातारांस मात्र ती शर्यत पुरी करतां आली नाहीं. सर्वांत वरचें स्थान, चौथें, मिळविलें तें रणधीर शिंदे यांनीं; आणि तें कुस्तींत, जेथें घड्याळाचा वेग कामास येत नाहीं!

अमेरिकेंतील अनुभवही असाच आहे. तेथील फुटबॉलच्या धंदेवाईक संघांत येऊं पाहणाऱ्या तरुणांस आधीं चाळीस यार्ड धाववून व उड्या मारावयास लावून पारखतात. २००० सालीं टॉम ब्रेडी या धावेंत मंद ठरला, १९८ जणांनंतर निवडला गेला, आणि पुढें त्याचे संघ सात वेळां विजेते झाले.

घड्याळ पायांचा वेग खरा सांगतें. खेळ ओळखणारी नजर व अंगची चिकाटी त्यास दिसत नाहीं. पुण्याच्या मैदानावर त्यानें अनवाणी मुलांसाठीं दार उघडलें, हें त्याचें ऋण आम्ही मानतों. परीक्षेनें दारें उघडावींत. केवळ तिच्याच शब्दावर तीं कोणास बंद करूं नयेत, इतकेंच आम्हांस सुचवावयाचें आहे.