मधुमेही रुग्णांची परिचर्या : तेरखेड्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

इन्सुलिनचा इतिहास सामान्यतः १९२१ सालच्या टोरांटो येथील बँटिंग व बेस्ट यांच्या संशोधनापासून लिहिला जातो. ते रुग्णापर्यंत पोहोचविणाऱ्या परिचारिकेची दखल त्यात क्वचितच घेतली जाते. निजामी राजवटीतून १९४८ मध्ये मुक्त झालेल्या धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेरखेडा हे फटाक्यांच्या व्यवसायासाठी परिचित असलेले गाव. अशा गावांत मधुमेहाची परिचर्या मुख्यत्वे घरातच होते. काचेची सिरिंज उकळून वापरण्याचा काळ सरला, तरी फ्रिज नसलेल्या घरी कुपी मातीच्या मडक्यात थंड राखण्याची रीत शिकवावी लागते. त्याहून नाजूक प्रश्न मापाचा आहे. भारतात कुपीतील इन्सुलिन प्रायः प्रति मिलिलिटर ४० युनिटचे, तर पेनमधील १०० युनिटचे असते. १०० युनिटचे औषध ४० च्या सिरिंजने घेतल्यास २० च्या खुणेवर ५० युनिट शरीरात जातात आणि रक्तशर्करा घसरून जीवावर बेतते. २०१० मध्ये असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. मात्र सिरिंजवरील खुणा रुग्णाकडून, आणि त्यास अक्षरओळख नसल्यास सुनेकडून वा नातवाकडून, वाचून घेण्याचे काम परिचारिकेकडेच राहिले.