ध्वनिक्षेपण यंत्रणेतील पर्यायी व्यवस्था

यंत्रणेचा एखादा भाग बंद पडला तरी माईकवरचे बोलणे लोकांपर्यंत पोचत राहावे, यासाठी केलेली जादा जोडणी. जालना जिल्ह्यातील हसनाबाद (ता. भोकरदन) आणि आसपासच्या गावांत सप्ताहातले कीर्तन, अजान, ग्रामपंचायतीची दवंडी, चुकलेल्या मुलाची हाक, सारे कर्ण्यावरून कानी पडते. याच तालुक्यात राजूरच्या गणपतीला अंगारकीला मोठी गर्दी लोटते. तिथे ऐन वेळी कर्णे बंद पडले तर रांग आवरणे अवघड.

लाईट जाणे नेहमीचे, त्यामुळे विजेची सोय बहुधा केलेली असते. २३० व्होल्ट आणि १२ व्होल्ट अशा दोन्हींवर चालणारे अॅम्प्लिफायर सर्रास मिळतात. सरासरी ५ अँपिअर खाणारा अॅम्प्लिफायर ६० अँपिअर-अवरच्या बॅटरीवर हिशेबाने १२ तास चालतो. पण लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून ६ तासच धरावेत.

खरी उणीव वायरिंगमध्ये असते. सगळे कर्णे १०० व्होल्टच्या एकाच लाईनवर टाकतात. पावसात खांबावरची एक उघडी जोड शॉर्ट झाली, की फ्यूज उडतो आणि धडधाकट कर्णेही गप्प होतात. म्हणून २०० वॅटचा एक अॅम्प्लिफायर घेण्यापेक्षा १०० वॅटचे दोन घ्यावेत आणि कर्णे एकाआड एक दोन लाईनींवर वाटावेत: पहिला, तिसरा, पाचवा एकीवर, दुसरा, चौथा, सहावा दुसरीवर. एक लाईन गेली तर आवाज उतरतो, पण शेजारच्या कर्ण्यावरून सूचना कळते. दोन्ही अॅम्प्लिफायर एकाच मिक्सरवर असतील तर मात्र मिक्सर बिघडताच सारे थांबते. त्यासाठी दुसऱ्या अॅम्प्लिफायरला वायरचा डायनॅमिक माईक थेट लावून ठेवावा. त्याला सेल लागत नाहीत.

आणीबाणीच्या ध्वनियंत्रणांसाठी आयएसओ ७२४०-१६ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. मोठ्या इमारतींत राखीव अॅम्प्लिफायर आपोआप जागा घेतो आणि कानाला न जाणवणारा उच्च स्वर लाईनीत सोडून तुटलेली वायर ओळखता येते. भारतातील ध्वनिप्रदूषण नियम, २००० रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर कर्ण्याला मनाई करतात. सार्वजनिक आणीबाणीचा अपवाद त्यांत आहे.

कपाटात पडून असलेला जादा अॅम्प्लिफायर पर्यायी व्यवस्था म्हणून मोजू नये. जत्रेच्या आदल्या दिवशी मेन स्विच पाडून आणि एक लाईन सोडवून, शेवटच्या कर्ण्याखाली उभे राहून ऐकावे.