बाळंतिणीच्या दारापर्यंत: समुद्रपूर-हिंगणघाट मुलखातील माता-बाल आरोग्याच्या देणग्यांचा इतिहास

समुद्रपूर हा आज वर्धा जिल्ह्यातील स्वतंत्र तालुका असला, तरी १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढलेला वर्धा जिल्हा इंग्रजी अमदानीत वर्धा, आर्वी आणि हिंगणघाट अशा तीनच तहसिलींत विभागलेला होता आणि समुद्रपूर-गिरडचा मुलूख हिंगणघाट तहसिलीत मोडत असे. या काळ्या कसदार जमिनीतील कापूस हिंगणघाटच्या बाजारपेठेतून दूरदेशी जाई. त्या व्यापारावर पेढ्या मोठ्या झाल्या, सूतगिरण्या उभ्या राहिल्या. मात्र तो कापूस वेचणाऱ्या बाईचे बाळंतपण अंधाऱ्या खोलीत, गावच्या सुइणीच्या हातूनच होत राहिले. या दोन टोकांमधील अंतर दानाच्या पैशाने कितपत भरून निघाले, हे पाहिले म्हणजे माता-बाल आरोग्यासाठी झालेल्या दानधर्माचा इतिहास उलगडतो.

या इतिहासाचा पहिला टप्पा १८८५ मध्ये स्थापन झालेल्या डफरीन फंडाचा होय. व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरीन यांच्या पुढाकाराने, हिंदुस्थानातील स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांकडून उपचार मिळावेत, यासाठी संस्थानिक, सावकार आणि व्यापारी यांच्या देणग्यांतून हा निधी उभारला गेला. त्यातून मुलींना वैद्यकीय शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळाल्या आणि शहरोशहरी जनाना रुग्णालये, म्हणजे केवळ स्त्रियांसाठी असलेली रुग्णालये, निघाली. नागपूरचे डफरीन रुग्णालय हे त्यांपैकीच एक असून, त्याच्या ‘डागा स्मृती’ या आजच्या नावात ज्या डागा घराण्याच्या दातृत्वाची आठवण आहे, त्याच घराण्याच्या बन्सीलाल अबीरचंद पेढीची कापड गिरणी हिंगणघाटला होती. कापसाचा पैसा अशा रीतीने बाळंतिणींच्या कामी आला खरा, पण तो नागपुरात आला. प्रसववेदना सुरू झालेल्या स्त्रीला बैलगाडीत घालून तेथवर नेणे खेड्यातील कुटुंबाला जवळजवळ अशक्यच होते.

ही उणीव ओळखून १९०३ मध्ये पुढील काळातील व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी कर्झन यांच्या प्रयत्नांतून व्हिक्टोरिया स्मृती निधी उभा राहिला, त्याचा उद्देश गावोगावच्या दाईंना प्रशिक्षण देणे हा होता. नाळ कापण्याचे हत्यार आणि दाईचे हात अस्वच्छ असले, की नवजात बाळाला धनुर्वात होई आणि बाळंतिणीला सूतिकाज्वर, म्हणजे प्रसूतीनंतर जंतुसंसर्गाने येणारा ताप, जडे. म्हणून स्वच्छतेचे हे साधे धडे मोलाचे होते. तथापि प्रशिक्षणाची केंद्रे प्रामुख्याने शहरांतील रुग्णालयांतच असल्यामुळे निधीचा लाभ आडगावांपर्यंत क्वचितच झिरपला.

दानाची दिशा खऱ्या अर्थाने बदलली ती याच वर्धा जिल्ह्यात. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्धतेत कस्तुरबा गांधींचे निधन झाल्यावर देशभर स्मारक निधी जमवण्यात आला. गांधीजींच्या पंचाहत्तरीला अनुसरून ७५ लाख रुपयांचे लक्ष्य ठरले असता प्रत्यक्षात एक कोटीहून अधिक रक्कम गोळा झाली आणि २ ऑक्टोबर १९४४ रोजी वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला ती गांधीजींकडे सुपूर्द करण्यात आली. हा पैसा खेड्यांतील स्त्रिया आणि मुले यांच्यासाठीच खर्च व्हावा, हा या निधीचा हेतू होता. शहरात भव्य इमारत उभारून दात्याचे नाव कोरण्याच्या रीतीपासून ही मोठीच फारकत होती. त्याच सुमारास डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला स्त्रिया व बालकांसाठी लहानसे कस्तुरबा रुग्णालय सुरू केले. पुढे १९६९ या गांधी जन्मशताब्दी वर्षात त्याच्याशी निगडित असे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था हे वैद्यकीय महाविद्यालय निघाले, ज्याच्या खर्चाचा अर्धा भार केंद्र सरकारने आणि उरलेला निम्मा निम्मा राज्य सरकार व कस्तुरबा हेल्थ सोसायटी यांनी उचलण्याची व्यवस्था झाली.

याच आयुर्विज्ञान संस्थेचे डॉ. उल्हास जाजू यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस वर्ध्याजवळच्या गावांत रुजवलेली ज्वारी विमा योजना तर देणारा आणि घेणारा हा भेदच पुसणारी ठरली. सुगीच्या दिवसांत प्रत्येक कुटुंबाने ऐपतीप्रमाणे ज्वारी मोजून द्यायची, म्हणजे शेतमालकाने अधिक आणि भूमिहीन मजुराने थोडी. ती विकून आलेल्या पैशातून गावच्या आरोग्यसेवेचा खर्च भागवायचा, अकस्मात आलेल्या आजारात रुग्णालयात विनामूल्य उपचार आणि बाळंतपणासारख्या अपेक्षित प्रसंगी सवलत मिळवायची, अशी ही रचना होती. गावातील बहुसंख्य कुटुंबे सामील झाल्याखेरीज योजना लागू होत नसल्यामुळे गरिबाला सोबत घेणे ही साऱ्या गावाचीच गरज बनली. पायलीभर ज्वारी देणारी मजूर स्त्री रुग्णालयात दयेची याचक म्हणून न जाता हक्काची सभासद म्हणून जाऊ लागली, हे या योजनेचे सर्वांत मोठे फलित मानावे लागते.

यानंतरचा टप्पा परदेशी निधीचा आहे. आगा खान फाउंडेशन आणि अमेरिकी सरकारची ‘यूएसएड’ ही साहाय्यसंस्था यांच्या मदतीने २००३ ते २००८ या काळात सेवाग्रामच्या संस्थेने आंजी, गौळ आणि तळेगाव या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या परिसरातील ६७ गावांत बालकांच्या जीवितरक्षणाचा प्रकल्प राबवला आणि त्यात गाव समन्वय समित्या व महिला बचत गट यांच्यावर कामाची जबाबदारी सोपवली. वर्धा जिल्ह्यातच आपले प्रारंभीचे काम केलेल्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत फोर्ड आणि मॅकआर्थर या प्रतिष्ठानांच्या साहाय्याने ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. त्यात नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून हीच पद्धत देशभरातील आशा कार्यकर्तींच्या कामाचा भाग झाली. समुद्रपूर तालुक्यातील एखादी आशाताई आज बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन करते आणि ताप पाहते, तेव्हा तिच्या कामामागे या प्रयोगाची पुण्याई उभी असते.

सव्वाशेहून अधिक वर्षांच्या या वाटचालीतून एक गोष्ट स्पष्ट होते. दानाची रक्कम किती मोठी होती, यापेक्षा ती कोणत्या हाती पडली आणि प्रकल्प संपल्यावर मागे काय उरले, यावर त्याचे मोल ठरले आहे. जे दान गावाच्या वाट्याशी आणि सरकारी आरोग्यव्यवस्थेशी जोडले गेले, तेच टिकले. म्हणून माता-बालकांसाठी देऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक दात्याने, मग तो हिंगणघाटचा व्यापारी असो वा परदेशी प्रतिष्ठान, आपला पैसा थांबल्यानंतरही बाळंतिणीच्या दारी जाणारी माणसे उभी करणे हेच आपले पहिले कर्तव्य मानले पाहिजे.