मुक्या वायूचा साक्षीदार

दिवाळीच्या अवसेला शेवटचा भुईनळा विझला, मुले पांगली, की घटकाभर अंगणात थांबावे. रात्री दहानंतर पूर्वेला मृग वर आलेला असतो. त्याच्या पोटात रुतलेल्या बाणाच्या तीन चांदण्या उभ्या रांगेत दिसतात आणि त्यांच्या उजव्या हाताला, जरा अंतरावर, एक धुरकट ठिपका. या ठिपक्याच्या दिशेने १९७० साली एका मुक्या वायूची साक्ष निघाली. आणि ती दिली दुसऱ्याच कोणी.

मुका वायू म्हणजे हायड्रोजन. विश्वात त्याच्याइतके विपुल दुसरे मूलद्रव्य नाही. त्याचे अणू सुटे असले तर बोलतात. त्यांची २१ सेंटिमीटरची रेडिओलहर १९५१ सालीच सापडली होती. परंतु दाट, थंड मेघांत दोन-दोन अणूंची जोडी जमून रेणू होतो, आणि मग हा गृहस्थ मौन धरतो. दोन्ही अणू सारखे, विद्युत्भार दोहींकडे सारखा. म्हणून त्याने गिरकी घेतली तरी रेडिओलहर सुटत नाही. शिवाय तिथला गारठा शून्याखाली सुमारे २६० अंशांचा. तेवढ्या उबेवर हायड्रोजनला गिरकीचे बळही येत नाही. अठराव्या शतकात विल्यम हर्शेलला असा काळा मेघ म्हणजे आकाशाला पडलेले भोक वाटले. वास्तविक तारे जन्मतात ते अशाच मेघांत. म्हणजे बाळंतिणीची खोलीच आपण रिकामी समजत होतो!

साक्षीदार निघाला कार्बन मोनॉक्साइड. दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी जवळ घेऊन झोपू नये, असे वडीलधारे सांगत, ते याच्याच भयाने. याचे दोन अणू निराळे, भार किंचित एकीकडे झुकलेला. त्यामुळे गिरकी मंदावताना तो २.६ मिलिमीटरची लहर सोडतो. पण दहा हजार हायड्रोजन-रेणूंमागे हा जेमतेम एखादा. त्याला गिरकी देतो कोण? कॅरमच्या पटावर स्ट्रायकर नुसता चाटून गेला तरी सोंगटी फिरते, तसेच हे. भोवतीचे हायड्रोजन-रेणू येऊन आदळतात, आपल्या वेगातला थोडासा वाटा त्याला देतात आणि निघून जातात. धक्का बसल्यावर लहर सुटायला सरासरी पाच महिने लागतात. तेव्हा धक्के त्याच मानाने वरचेवर बसले पाहिजेत, नाहीतर रेषा उठून दिसायची नाही. आणि धक्के वरचेवर बसायचे तर हायड्रोजनची गर्दी हवी. बोलतो एक, पण बातमी कळते दुसऱ्याची.

बेल टेलिफोन प्रयोगशाळेतले रॉबर्ट विल्सन, कीथ जेफर्ट्स आणि आर्नो पेन्झियास आपला ग्राहक घेऊन ॲरिझोनातील किट पीक डोंगरावरच्या ३६ फुटी दुर्बिणीकडे गेले. दुर्बीण मृगाकडे वळवली आणि रेषा दिसली, चांगली ठळक. विल्सन-पेन्झियास यांना १९७८ साली नोबेल मिळाले ते विश्वाच्या आरंभीच्या उबेचा शोध लावल्याबद्दल. मला मात्र त्यांचा हा धाकटा शोध अधिक जिव्हाळ्याचा वाटतो. त्याच वर्षी जॉर्ज कॅरुथर्स यांनी अग्निबाणातून उपकरण वर पाठवून एका ताऱ्याच्या अतिनील प्रकाशात प्रत्यक्ष हायड्रोजन-रेणूचीच खूण टिपली. पण ती युक्ती पुढे तेजस्वी तारा असेल तिथेच चालणारी. दाट मेघाच्या पोटात ताऱ्याचा तसला प्रकाश शिरतच नाही.

पुढची हकीकत मोठी मौजेची आहे. पॅट्रिक थॅडियस या शास्त्रज्ञाने अवघ्या चार फुटांची दुर्बीण करून घेतली आणि न्यूयॉर्कच्या धुरात, कोलंबिया विद्यापीठाच्या गच्चीवर बसवली. चार फूट म्हणजे आमच्या शाळेच्या गच्चीवरही मावेल! तिची जोडीदारीण नंतर चिलीत उभी राहिली. दोघींनी मिळून आकाशगंगेतील मेघांचा जो नकाशा काढला, तो २००१ साली पुरा होऊन प्रसिद्ध झाला.

तरीही साक्षीदारावर किती विसंबावे? त्याच्या रेषेवरून हायड्रोजनचे वजन काढताना एक ठोकळ आकडा धरावा लागतो, आणि तो सगळीकडे सारखा नसतो. मॅगेलनच्या धाकट्या मेघात, म्हणजे आपल्या शेजारच्या एका लहान दीर्घिकेत, कार्बन आणि ऑक्सिजन आधीच थोडे, धूळही विरळ. ताऱ्यांचा अतिनील प्रकाश आत घुसून कार्बन मोनॉक्साइड फोडतो. हायड्रोजनचा थर जाड, तो स्वतःला सांभाळून राहतो. तिथे तारे जन्मताहेत, हायड्रोजन आहे, आणि २.६ मिलिमीटरवर कान लावला तर ऐकू येते ते अगदी क्षीण.