रेडिएटरसाठी शांत पंखा निवडताना

द्रवाने थंड होणाऱ्या संगणकाचा आवाज कमी करण्यासाठी रेडिएटरचे पंखे बदलता येतात. मात्र, पंखा किती हवा फेकतो, एवढेच पाहणे पुरेसे नसते. रेडिएटरच्या दाट पात्यांतून हवा ढकलण्यासाठी दाब लागतो. 'नॉक्टुआ' या ऑस्ट्रियन कंपनीने २०१८मध्ये आणलेल्या १२० मिलिमीटरच्या 'एनएफ-ए१२एक्स२५' या पंख्याचा कमाल दाब कंपनीच्या माहितीनुसार २.३४ मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका, तर आवाज २२.६ डेसिबल आहे. वेग निम्म्यावर आणल्यास आवाज सुमारे १५ डेसिबलने घटतो. पण दाबही एक चतुर्थांशच उरतो. त्यामुळे मदरबोर्डवरून वेग नियंत्रित करता येईल असा चार पिनांचा पंखा घ्यावा. वेग टप्प्याटप्प्याने कमी करून प्रोसेसरचे तापमान तपासावे. ते मर्यादेबाहेर गेल्यास प्रोसेसर मंदावतो आणि शांततेची किंमत कामाच्या गतीने मोजावी लागते.