अढीची कुळकथा

प्रतिस्पर्ध्याच्या बरगडीच्या रोखाने फेकलेली लाथ त्याच्या काखेत अडकून राहावी, आपण एका पायावर डुगडुगत उभे असावे आणि आपला सगळा तोल परक्याच्या मर्जीवर सोपवला जावा, हा प्रसंग नाशकात सायंकाळी कराटे वा किकबॉक्सिंग शिकायला जाणाऱ्या मुलामुलींना अपरिचित नाही. अशा वेळी पहिली ऊर्मी उठते ती पाय मागे खेचून घेण्याची, आणि घात होतो तो याच ऊर्मीने. कारण एका पायाच्या बळाविरुद्ध तेथे दोन हातांचे आणि सबंध छातीचे बळ उभे असते, आणि मागे ओढ घेणाऱ्याचा भार मागे गेला की समोरच्याला केवळ चार पावले पुढे चालून येण्याचे, किंवा टेकलेला पाय झाडून टाकण्याचेच काम उरते.

जाणता वस्ताद याच्या नेमके उलट सांगतो. पाय गेला तर पायामागे आपणही जावे: टेकलेला गुडघा किंचित वाकवून उडी घेत पुढे सरकावे, हात त्याच्या मानेत घालून त्याचे मस्तक खाली ओढावे, पकडलेल्या पायाचा गुडघा दुमडून टाच जमिनीच्या दिशेने दाबावी, आणि एवढ्यानेही पकड सुटली नाही तर तोच पाय त्याच्या मांडीमागे अडकवून टाकावा, म्हणजे पाडायचे तर त्याला स्वतःसह पाडावे लागेल. पकडला गेलेला पायच पकडणारा व्हावा, असा हा डाव आहे; आणि पायाच्या या विळख्याला मराठीत फार जुना, फार घरगुती असा एक शब्द आहे: अढी.

आपण पायावर पाय टाकून अढी घालून बसतो, पाडाचे आंबे गवताच्या अढीत पिकत घालतो, आणि कोणाविषयी मनात काही अडकून राहिले तर तिथेही अढीच बसते. सहजासहजी न सुटणारी गुंतवण हा भाव यांतल्या पहिल्या आणि शेवटच्या प्रयोगांत तर उघडच दिसतो. आणि मल्लखांबावर चढणाऱ्या मुलाला हात सोडण्याची मुभा मिळण्यापूर्वी जी पकड साधावी लागते, मांड्यांनी आणि पोटऱ्यांनी खांब आवळून धरण्याची, तिचे नावही अढीच आहे. कुस्ती हा शब्द फारसीतून आला, वस्ताद आणि पहिलवान हेही तिकडूनच आले, तालीम अरबीतून आली आणि आखाडा संस्कृत अक्षवाटापासून निघाला. या सगळ्या परिवारात अढी मात्र घरातली लेक वाटते.

पाय धरण्याची कला तिच्याहून पुरातन आहे. भीमाने जरासंधाला भूमीवर पाडून त्याचा एक पाय स्वतःच्या पायाखाली दाबला, दुसरा हातांनी धरला आणि त्याचे उभे दोन भाग केले, असे भागवताच्या दशम स्कंधात वर्णन आहे. आणि आखाड्यांतून हनुमंती, भीमसेनी, जांबुवंती व जरासंधी अशी कुस्तीची जी परंपरागत चतुर्विध वाटणी सांगितली जाते, तीत सांधे मोडणाऱ्या डावांना जरासंधाचेच नाव राहिले आहे. कुस्तीत लाथेला स्थान नाही, परंतु पट काढणे, म्हणजे वाकून समोरच्याचा पाय उचलून घेणे, हा तर तिचा नित्याचा व्यवहार. पट लागताच पाय मागे फेकून छातीचा भार त्याच्या खांद्यांवर टाकावा, आणि ते साधले नाही तर धरलेला पाय त्याच्या पायांत गुंतवावा, हा धडा मातीतला मल्ल फार लवकर शिकतो. लाथ काखेत अडकलेल्याची अवस्था एकेरी पट बसलेल्याहून तत्त्वतः निराळी नाही, ही गोष्ट नव्या वर्गांतून पुरेशी सांगितली जात नाही, याचे मला वाईट वाटते.

पण अढीची खरी जडणघडण झाली ती खांबावर. मल्लस्तंभाचा उल्लेख कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 12व्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात आहे. तथापि आज ज्याला आपण मल्लखांब म्हणतो त्याचे पुनरुज्जीवन दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत बाळंभटदादा देवधर यांनी केले, आणि त्याची आख्यायिका थेट आपल्या जिल्ह्यात येऊन पोहोचते. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब असे दोन बलाढ्य पहिलवान पुण्याच्या दरबारी आले, त्यांचे आव्हान कोणी उचलीना, तेव्हा तरुण बाळंभटांनी ते स्वीकारले आणि तयारीसाठी वणीच्या सप्तशृंगी गडाचा रस्ता धरला. तेथे अठरा भुजांच्या त्या जगदंबेची आराधना करीत असता स्वप्नात एक वानर लाकडी खांबावर नाना प्रकारच्या पकडी आणि कोलांट्या करताना त्यांना दिसला. त्या हेरून त्यांनी अभ्यास केला, गुलाबाला चीत केले, आणि अलीने लढण्याचे नाकारले, अशी ती कथा.

दैवी दृष्टान्ताचा भाग श्रद्धेवर सोडला तरी कथेतला वानर मला अत्यंत महत्त्वाचा वाटतो. माणसाचा पाय धरला की तो निराधार होतो, कारण तो पायाला केवळ उभे राहण्याचे साधन मानतो. वानराचा पाय धरला तर त्याला धरण्यासाठी आणखी एक आधार मिळतो. बाळंभटदादांनी गडावरून आणले ते हेच ज्ञान, असे माझे मत आहे. सागवानाचा वा शिसवाचा, जमिनीवर सुमारे साडेआठ फूट उभा, वर निमुळता होत जाणारा आणि एरंडेलाने निसरडा केलेला तो खांब म्हणजे कधी न थकणारा जोडीदार: त्याच्या भागांना अंग, मान आणि बोंड अशी नावे आहेत, आणि निसरड्या अंगावर ज्याची अढी टिकते त्याची घामाने निथळलेल्या मांडीवर टिकणारच.

1818 साली पेशवाई बुडाली, बाजीराव बिठूरला गेले आणि ही विद्याही उत्तरेकडे गेली. पुढे बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी दहा खंडांत सिद्ध केलेल्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’त तिची तपशीलवार नोंद झाली. 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनला भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली तेव्हा मल्लखांब युरोपीय प्रेक्षकांपुढेही उभा राहिला. नाशकात यशवंत व्यायामशाळेने तो आजही जपला आहे.

लाथेचे खेळ परदेशातून आले म्हणून त्यांच्याविषयी माझ्या मनात अढी नाही. तायक्वांदोत पाय धरणे हा नियमभंग ठरतो, थायलंडच्या मुष्टियुद्धात तो राजमान्य डाव आहे. जेथे तो मान्य आहे तेथे त्याचा प्रतिकार शिकणे प्राप्त आहे. म्हणून लाथ शिकवणाऱ्या नाशिकच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: आपल्या विद्यार्थ्यांना आठवड्यातून एकदा तरी खांबापाशी न्या, अंगाला एरंडेल लागू द्या, आणि हात सोडून अढीवर राहायला शिकवा.