छंद म्हणून विमान उडवता येतं का? खासगी वैमानिकाचा परवाना आणि त्यानंतरचे पहिले शंभर तास

कराडची धावपट्टी ते सांगली जिल्ह्यातलं आष्टा हे सरळ रेषेतलं अंतर साधारण ४५ किलोमीटर आहे. पेठ नाक्यावरून एसटीने यायचं तर दीडेक तास धरावा लागतो. सेसना १५२ सारखं दोन आसनी विमान हेच अंतर पंधरा-वीस मिनिटांत कापतं. खाली कृष्णेची वळणं, उसाची शेतं, साखर कारखान्यांची धुराडी दिसतात आणि आष्टा आलं म्हणेपर्यंत मागे पडलेलं असतं.

पण आष्ट्यात धावपट्टी नाही. वरून एक चक्कर मारायची आणि परत फिरायचं, एवढंच करता येतं. उड्डाणाआधी विमान तपासणं, इंधन, हवामान, परवानग्या यातच दोन तास गेलेले असतात. म्हणजे वेळ वाचवायला हे कोणी करत नाही. निव्वळ आवडीपोटी, पदरचे पैसे घालून हलकं विमान उडवणारी माणसं जगभर आहेत. भारतात ती मोजकी आहेत. हा छंद नेमका चालतो कसा आणि परवाना हातात आल्यानंतरचा काळ सगळ्यात नाजूक का मानला जातो, ते समजून घेऊ.

परवाना कोणता लागतो?

विमान कंपनीत नोकरी करणाऱ्या वैमानिकाकडे व्यावसायिक परवाना असतो. त्यासाठी २०० तासांचं उड्डाण आणि बारावीला भौतिकशास्त्र व गणित लागतं. छंदासाठी उडवणाऱ्याला खासगी वैमानिकाचा परवाना पुरतो. त्यालाच पीपीएल म्हणतात. वय किमान १७ वर्षं, शिक्षण दहावी पास आणि उड्डाण किमान ४० तास. या परवान्यावर मित्राला, घरच्यांना शेजारी बसवून नेता येतं, पण उडवण्याचा मोबदला घेता येत नाही.

त्याआधी विद्यार्थी वैमानिकाचा परवाना काढावा लागतो. तो १६ व्या वर्षी मिळतो. डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नेमलेल्या डॉक्टरकडून द्वितीय श्रेणीची वैद्यकीय तपासणी होते. हवाई नियम, हवामान, दिशादर्शन, विमान आणि इंजिन यांचा लेखी अभ्यास असतो. रेडिओवर नियंत्रण कक्षाशी बोलण्याची परवानगी वेगळी.

४० तासांत एकट्याने केलेला एक लांबचा प्रवासही असतो. किमान १५० सागरी मैल, म्हणजे सुमारे २७८ किलोमीटर, आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरायचं. आपल्या भागात कल्पना करायची तर कराड-बारामती-कोल्हापूर-कराड हा त्रिकोण साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास भरतो.

सगळ्यांच्या लक्षात राहतं ते मात्र पहिलं एकट्याचं उड्डाण. धावपट्टीभोवती फेऱ्या मारण्याचा सराव चालू असताना एक दिवस प्रशिक्षक दार उघडून खाली उतरतो आणि 'आता एक फेरी तू मार' म्हणतो. विमानाचं कमाल वजन असतं जेमतेम ७६० किलो. त्यातून एक माणूस कमी झाला की ते नेहमीपेक्षा पटकन वर चढतं. शेजारची रिकामी सीट विद्यार्थ्याला आधी त्या चढण्यातून जाणवते.

मग भारतात छंदी वैमानिक इतके कमी का?

पहिलं कारण पैसा. प्रशिक्षण विमानाचा तासाचा दर दहा हजार रुपयांच्या वर असतो. म्हणजे नुसते ४० तास धरले तरी चार लाखांच्या पुढे खर्च जातो आणि बहुतेकांना ४० पेक्षा जास्त तास लागतात. या विमानांना पेट्रोल पंपावरचं पेट्रोल चालत नाही. त्यांना निळसर रंगाचं 'एव्हगॅस' लागतं. भारत ते वर्षानुवर्षं आयात करत होता. इंडियन ऑइलने बडोद्याच्या रिफायनरीत त्याचं उत्पादन सुरू केल्याची घोषणा २०२२ मध्ये झाली.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. आपल्याकडचे फ्लाइंग क्लब आता मुख्यतः व्यावसायिक वैमानिक घडवणाऱ्या शाळा झाले आहेत. विमानं विद्यार्थ्यांच्या वेळापत्रकात अडकलेली असतात. रविवारी दोन तास विमान भाड्याने घेऊन फिरून येण्याची सोय अमेरिकेत गावोगावी आहे, इथे ती शोधावी लागते. शिवाय स्थानिक फेरी सोडून कुठेही जायचं तर उड्डाण आराखडा दाखल करा, हवाई संरक्षण खात्याकडून एडीसी नंबर घ्या, हे आलंच.

आष्ट्याच्या आसपास पाहिलं तर कराडची धावपट्टी कोयना प्रकल्पाच्या निमित्ताने झाली. कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ संस्थानकाळातला, १९३९ चा. सांगलीजवळ कवलापूरला विमानतळाची जागा आहे, पण नियमित विमानतळ नाही. प्रशिक्षण संस्थांसाठी ओळखलं जाणारं जवळचं ठिकाण बारामती. तेही सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर.

परवाना मिळाला, आता धोका कुठे असतो?

अमेरिकी लेखक पॉल क्रेग यांनी २००१ मध्ये 'द किलिंग झोन' नावाचं पुस्तक लिहिलं. साधारण ५० ते ३५० तास उड्डाण झालेल्या वैमानिकांचे जीवघेणे अपघात जास्त होतात, असं त्यांचं म्हणणं. हा आकडा अगदी ३५० वर थांबतो का, यावर नंतर संशोधकांनी शंका घेतली. काहींच्या मते धोक्याचा काळ त्याहून लांबतो. मुद्दा मात्र कोणी खोडलेला नाही. शिकताना शेजारी प्रशिक्षक असतो आणि 'आज नको' हे तोच म्हणतो. परवाना मिळाला की ते स्वतःला म्हणावं लागतं, आणि ते म्हणायला लागणारा अनुभव अजून जमा झालेला नसतो.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण ढग. नव्या छंदी वैमानिकाला बाहेर बघून उडायची परवानगी असते. त्याला व्हीएफआर म्हणतात. साधारणपणे किमान ५ किलोमीटर दिसलं पाहिजे, ढगापासून आडवं दीड किलोमीटर आणि उभं हजार फूट लांब राहिलं पाहिजे. खास सवलत सोडली तर भारतात सूर्यास्त ते सूर्योदय असं उड्डाण करता येत नाही. नियम जाचक वाटतो. त्यामागचं कारण १९५४ च्या एका प्रयोगात दिसतं.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने उपकरणांवर उडण्याचा सराव नसलेले २० जण निवडले. प्रशिक्षक शेजारी ठेवून, बाहेरचं काही दिसणार नाही अशी सोय करून त्यांना विमान उडवायला दिलं. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला. सरासरी वेळ १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटंही नाहीत.

असं होतं कारण कानाच्या आतला तोल सांभाळणारा द्रव हळूहळू आलेलं वळण ओळखत नाही. विमान एका बाजूला कललेलं असतं आणि शरीर सांगतं की सगळं सरळ आहे. माणूस उंची कमी होताना पाहून नाक वर ओढतो, वळण आणखी घट्ट होतं आणि विमान गोल फिरत खाली जातं. त्याच प्रयोगात या लोकांना एक साधी पद्धत शिकवली गेली: उपकरणांकडे बघत सावकाश उलट फिरायचं आणि बाहेर पडायचं. त्यानंतर जवळपास सगळे प्रयत्न यशस्वी झाले.

सह्याद्रीच्या पायथ्याशी ही गोष्ट पुस्तकी राहत नाही. जूनमध्ये आष्ट्यावर आभाळ नुसतं भरलेलं असतं, तेव्हा पश्चिमेला पाटण-कोयनेकडे ढग डोंगराला टेकलेले असतात. पूर्वेकडून निघालेल्याला पहिली वीस मिनिटं सगळं ठीक दिसतं. मग 'आलोच आहोत तर जाऊन येऊ' हे वाक्य मनात येतं. वैमानिकांच्या प्रशिक्षणात या वाक्याला स्वतंत्र धोका म्हणून शिकवतात.

उन्हाळा आणि ऊस

पावसाळा टाळला म्हणजे सुटलो, असंही नाही. कोल्हापूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फुटांवर आहे. एप्रिलच्या दुपारी पारा ३८ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की विमान पाच हजार फुटांच्या वर असल्यासारखं वागतं. इंजिनाची ताकद कमी पडते, धावपट्टी जास्त लागते, चढण मंदावते. सेसना १५२ चं इंजिन ११० अश्वशक्तीचं आहे. दोन धडधाकट माणसं बसवून टाकी पूर्ण भरली की वजनाची मर्यादा जवळपास संपते. म्हणून अनुभवी लोक सकाळी लवकर उडतात. पण हिवाळ्यात कृष्णाकाठी त्याच वेळी धुकं असतं आणि तोडणीच्या हंगामात पाचट पेटवल्याचा धूर. म्हणजे सकाळचा मुहूर्तही रोज साधत नाही.

अजून एक गोष्ट ऐकून बहुतेकांचा विश्वास बसत नाही. आपल्याकडच्या वीस-पंचवीस अंशांच्या दमट हवेतही इंजिनाच्या कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू शकतो. इंधनाची वाफ होताना आणि हवा अरुंद जागेतून जाताना तापमान झपाट्याने घसरतं आणि हवेतली वाफ गोठते. इंजिनाचे फेरे हळूहळू कमी होतात. उपाय सोपा आहे, गरम हवेचा खटका ओढायचा. पण ओढल्याबरोबर फेरे आणखी घसरतात आणि बर्फ वितळून पाणी आत गेल्याने इंजिन खडखडतं. नवखा माणूस घाबरून खटका परत आत ढकलतो. तिथेच चूक होते.

इंजिन बंदच पडलं तर? विमान दगडासारखं खाली पडत नाही, ते तरंगत उतरतं. जमिनीपासून तीन हजार फुटांवर असताना सेसना १५२ वाऱ्याशिवाय साधारण आठ किलोमीटर जाऊ शकतं. तेवढ्यात शेत निवडायचं. वाळवा तालुक्यावरून जाताना खाली सगळं हिरवंगार आणि मऊ दिसतं, पण उभा ऊस माणसाच्या दुप्पट उंच असतो. चाकं त्यात अडकून विमान उलटू शकतं. तुटलेल्या उसाचं मोकळं रान त्यापेक्षा बरं. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, म्हणून खांब शोधायचे. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत जुलै २०२२ मध्ये एक प्रशिक्षण विमान असंच शेतात कोसळलं. एकटीने उडवणारी विद्यार्थिनी किरकोळ जखमांवर बचावली.

हौसेची परंपरा जुनी आहे

जे. आर. डी. टाटांनी जुहूच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये विमान शिकून १० फेब्रुवारी १९२९ रोजी परवाना घेतला. भारतात दिला गेलेला तो पहिला. पुढे आगा खान यांनी इंग्लंड-भारत एकट्याने उड्डाणासाठी बक्षीस लावलं. जेआरडी कराचीहून निघाले, १७ वर्षांचा अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी सुट्या स्पार्क प्लगसाठी अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याकडचे दिले. स्पर्धा अस्पीने जिंकली आणि पुढे तो भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. दोघांच्याही खात्यावर तेव्हा उड्डाणाचे फार तास नव्हते.

अलीकडचं नाव कॅप्टन अमोल यादव. ते व्यावसायिक वैमानिक, मूळ गाव सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातलं. कांदिवलीत घराच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते मुंबईत लोकांनी पाहिलं. नोंदणीला २०१७ उजाडलं आणि उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली. गच्चीवर विमान जोडण्याइतकाच कागदांचाही हा प्रवास होता.

सुरुवात करायची असेल तर

फी भरण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. रक्तदाब, मधुमेह किंवा दृष्टीची अडचण तिथेच कळते आणि पैसे वाचतात. बऱ्याच संस्थांत प्रशिक्षकासोबत अर्ध्या-एक तासाचं ओळखीचं उड्डाण मिळतं. ते आधी करून बघावं. हलत्या केबिनमध्ये पोट ढवळतं का, हे जमिनीवर बसून कळत नाही. कमाल ४५० किलो वजनाच्या मायक्रोलाइट विमानांसाठी नियम वेगळे आहेत आणि खर्चही कमी येतो, पण वारा त्यांना जास्त हलवतो.

संस्था बघायला गेल्यावर दराच्या आधी तीन प्रश्न विचारावेत. प्रत्यक्ष उडण्याजोगी विमानं किती आहेत, पावसाळ्याच्या चार महिन्यांत महिन्याला सरासरी किती तास मिळतात आणि परवाना झाल्यावर विमान भाड्याने देता का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर परवाना मिळाल्यावर उडायचं कुठून, याची सोय आधीच शोधून ठेवावी लागेल.